फुकटचा सल्ला आणि वाकडा चेंडू



गेल्या गणेशोत्सवातली गोष्ट. आरती झाली, मोदक झाले आणि हॉलच्या मागच्या दारापाशी आम्ही पाच-सहा पुरुषमंडळी घोळका करून उभे होतो. एकाच्या हातात छत्री होती. ती उलटी धरून तो गोल्फचा स्विंग दाखवत होता. दुसरा म्हणाला, "मान खाली ठेव रे." तिसरा म्हणाला, "डावा हात सरळ!" चौथ्याचे मत, कंबर आधी फिरली पाहिजे. आमच्यापैकी एकाचाही चेंडू मैदानावर सरळ जात नाही, तो भाग वेगळा. सगळ्यात जास्त बोलत होतो मी.

तेवढ्यात माझी बारा वर्षांची मुलगी प्रसाद वाटत तिथे आली. दोन मिनिटे ऐकले आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, मी म्हणूनच सोडलं."

सगळे हसले. मला मात्र मोदक गिळवेना. दोन वर्षे ती ज्युनिअर गोल्फला आवडीने जात होती. मी कुंपणाशी उभा राहून दर फटक्यानंतर सूचना द्यायचो. एका शनिवारी तिने पिशवी गॅरेजमध्ये ठेवली ती पुन्हा उचललीच नाही. तेव्हा हा लेख म्हणजे तिची जाहीर माफी समजा, आणि तुमच्याशी थोडे भांडणही.

आयर्लंडमध्ये राहून गोल्फपासून लांब राहणे कठीण. इथली गोल्फिंग युनियन १८९१ साली स्थापन झाली, ती जगातली सर्वांत जुनी राष्ट्रीय गोल्फ संघटना. २०२१ मध्ये ती महिलांच्या संघटनेबरोबर 'गोल्फ आयर्लंड'मध्ये विलीन झाली. आपल्याकडे जिमखान्यांमुळे हा साहेबांचा खेळ वाटतो, इथे तसे नाही. पॉड्रिग हॅरिंग्टनचे वडील गार्डा, म्हणजे पोलीस. डब्लिनच्या डोंगरउतारावरचा स्टॅकस्टाऊन क्लब पोलिसांनीच उभा केला. तिथे खेळून मोठ्या झालेल्या या मुलाने २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षे ओपन स्पर्धा जिंकली.

मी २००४ साली पुण्याहून मास्टर्स करायला इथे आलो आणि आयटीत रुळलो. पस्तिशी ओलांडल्यावर ऑफिसातल्या लोकांबरोबर गोल्फ सुरू केले. गल्ली क्रिकेटचा आत्मविश्वास होताच. थांबलेला चेंडू मारायचा, त्यात काय मोठे! पहिला चेंडू उजवीकडे वळत झाडीत गेला. पुढची कित्येक वर्षे तो तिथेच जात राहिला. याला स्लाइस म्हणतात आणि बहुतेक नवशिक्यांचा हाच आजार.

मग माझे संशोधन सुरू झाले. पुस्तके, मासिके, व्हिडिओ, आणि रविवारी बरोबर खेळणारे अनुभवी लोक. पाच जणांचे पाच उपाय मी एकाच आठवड्यात करून पाहायचो. मंडळी, आपल्यातले निम्मे लोक आयटीतले. प्रोग्राममध्ये एक चूक सापडली म्हणून पाच ठिकाणी एकदम बदल करून कोणी थेट प्रॉडक्शनमध्ये टाकतो का? कामावर अशा माणसाला आपण घरी पाठवू. शनिवारी सकाळी मात्र तो माणूस आपणच असतो.

माझे म्हणणे असे आहे की आपल्याला ज्ञानाची कमतरता नाही. कोणते ज्ञान कोणासाठी आहे, हे विचारायची सवय नाही.

बेन होगनचे 'फाइव्ह लेसन्स' हे १९५७ चे पुस्तक घ्या. गोल्फमधले हे फार मानाचे पुस्तक. पण होगन आयुष्यभर झगडला तो उलट्या आजाराशी. त्याचा चेंडू डावीकडे वळायचा, म्हणजे हुक. साहजिकच त्याची पकड हुकला आवर घालणारी. माझ्यासारख्या स्लाइसवाल्याने ती जशीच्या तशी उचलली तर आजार वाढणारच. पुस्तक खोटे नाही, औषध दुसऱ्याचे आहे. शेजाऱ्याच्या रक्तदाबाची गोळी आपण खातो का?

दुसरे उदाहरण तर सरळ चुकीच्या ज्ञानाचे. चेंडू निघतो स्विंगच्या दिशेने आणि वळतो काठीच्या पात्याच्या दिशेकडे, असे शिकवणीच्या साहित्यात अनेक वर्षे सांगितले जाई. म्हणून वाटेत झाड आले तर पाते झेंड्याकडे ठेवा आणि स्विंग झाडाच्या बाजूने करा, असा सल्ला असे. मी तसे केले आणि चेंडू झाडावरच आदळला. कारण चेंडू निघतो तो बहुतांशी पात्याच्याच दिशेने. पाते आणि स्विंगचा मार्ग यांत जो फरक असेल, त्यामुळे तो वळतो. कॉक्रन आणि स्टॉब्स यांच्या १९६८ च्या शास्त्रीय अभ्यासातून हे बरेचसे कळले होते. तरी जुना समज टिकून राहिला. २००३ साली स्थापन झालेल्या ट्रॅकमन या डॅनिश कंपनीसारख्यांची रडारयंत्रे मैदानात आली, तेव्हा कुठे तो समज मागे पडू लागला. तेव्हा 'मोठ्या माणसाने सांगितले' हा पुरावा नव्हे. पुरावा चेंडू देतो.

मग विश्वास ठेवायचा कोणावर? मी तीन प्रश्न विचारू लागलो आहे. सांगणाऱ्याने माझा स्विंग पाहिला आहे का? हा उपाय कोणाला लागू पडणार नाही, हे तो सांगतो का? आणि उपाय चुकला तर ते कळणार कसे? तिन्हींची उत्तरे नसतील तर तो सल्ला उंटावरून शेळ्या हाकण्यातला.

शेवटी मी एका पीजीए प्रशिक्षकाकडे गेलो. तीन वर्षांचा अभ्यासक्रम केलेला साधा माणूस. पहिली वीस मिनिटे तो काही बोललाच नाही, मला मारू दिले. मग पाठ दुखते का, हे विचारले. रडारवर पात्याची दिशा दाखवली आणि फक्त पकड बदलली. "महिनाभर दुसरं काही करू नकोस," एवढेच म्हणाला. स्लाइस पूर्ण गेलेला नाही, पण आता तो का होतो हे मला कळते.

कोणी म्हणेल, शिकवणी महाग असते. खरे आहे. पण स्लाइस जावा म्हणून मी नवा ड्रायव्हर घेतला होता, त्या पैशांत बऱ्याच तासांची शिकवणी झाली असती. आणि कोणी म्हणेल, तो प्रशिक्षक स्वतः कुठे मोठा खेळाडू आहे? अहो, रमाकांत आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते! शिवाजी पार्कवर त्यांनी काय घडवले, ते मी तुम्हाला सांगायला नको. सरांकडे डोळा होता, आणि ते रोज समोर उभे असत. रोरी मॅकिलरॉयनेही लहानपणापासून मायकल बॅननचाच हात धरला. मधला थोडा काळ सोडला तर २०२५ च्या मास्टर्स विजयापर्यंत तोच हात होता.

आता मुलांबद्दल, कारण माझे खरे भांडण तिथे आहे. गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये गोल्फच्या नवशिक्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. हातांच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा काठीच्या झोक्याकडे लक्ष देणारे अधिक अचूक ठरले. आणि मी कुंपणावरून काय ओरडत होतो? कोपर, गुडघा, मान! मला स्वतःला न जमलेल्या गोष्टी, मी कुठेतरी वाचलेल्या, तिच्या अंगावर फेकत होतो. तिच्याजवळ शिकवणारी बाई होती आणि ती उत्तम शिकवत होती. माझ्या आवाजात तिचे शब्द ऐकू जाईनात.

आपण प्रेमापोटी बोलतो, हे मला मान्य आहे. पण प्रेमापोटी दिलेला चुकीचा सल्ला चुकीचाच असतो. वर तो नाकारायला मुलांना अवघड जाते, कारण तो बाबांचा असतो.

मुलगी पुन्हा खेळेल का, माहीत नाही. परवा मी विचारले. ती म्हणाली, "तुम्ही गाडीत बसणार असाल तर विचार करीन." मी कबूल केले आहे. पुस्तक घेऊन बसेन, गोल्फचे नव्हे.

आणि मंडळी, पुढच्या गणपतीला छत्री जरूर आणा, पण फक्त पावसासाठी.