एक जानेवारी आणि त्यानंतरचा दिवस

दिनविशेषाच्या सदरात १ जानेवारीपुढे बऱ्याच नोंदी असतात. १८०४ : हैतीतील गुलामांनी फ्रेंच सत्ता झुगारून स्वतंत्र राष्ट्राची घोषणा केली. १८१८ : कोरेगाव भीमाची लढाई झाली. १८६३ : अब्राहम लिंकन यांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा अमलात आला. १९२७ : डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या विजयस्तंभापाशी आले. या घटना एकाच तारखेस घडल्या, हा योगायोग होय. परंतु त्या सर्वांतून जो प्रश्न उभा राहतो तो योगायोगाचा नव्हे. दास्य संपल्याची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी काय?

हैतीकडून फ्रान्सने १८२५ साली १५ कोटी फ्रँक भरपाई कबूल करून घेतली. ज्यांनी आपले देह सोडवून घेतले, त्यांच्याच माथी त्या सुटकेचे कर्ज बसले. लिंकन यांचा जाहीरनामा केवळ बंडखोर राज्यांपुरता होता. गुलामगिरी घटनेने नष्ट होण्यास १८६५ चा डिसेंबर उजाडला. त्यानंतरही लक्षावधी कृष्णवर्णीय वाटेकरी कर्जापायी मळेवाल्यांशी बांधलेलेच राहिले. अमेरिकेतील त्या मुक्तिलढ्याचे मोल जोतीराव फुले यांनी ओळखले होते. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केला.

कोरेगावची कथाही याहून वेगळी नाही. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची सुमारे आठशेंची तुकडी शिरूरहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी पेशव्यांच्या कितीतरी पट मोठ्या सैन्याशी दिवसभर झुंजली. तीत अनेक जातिधर्मांचे शिपाई होते, आणि महार सैनिकांचा वाटा मोठा होता. स्तंभावरील 'नाक' या प्रत्ययाची नावे त्याची साक्ष देतात. पेशवाईत ज्यांची सावलीही विटाळ मानली गेली, त्यांच्या वंशजांना हा स्तंभ स्वाभिमानाची खूण वाटावा, हे स्वाभाविकच आहे. मात्र विजय कंपनी सरकारचा होता. त्याच इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद केली. परकीय सत्तेने शौर्य वापरले, हक्क दिला नाही.

बाबासाहेब स्तंभापाशी थांबून राहिले नाहीत, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. १ जानेवारीनंतर तीन महिनेही लोटले नव्हते, तोच २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारो हातांनी उचलले. स्मरणातून कृती निघाली, म्हणून त्या स्मरणास अर्थ आला.

शिरूर-दौंडच्या मातीस कर्जाच्या दास्याची ओळख जुनी आहे. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे उठावाचा भडका उडाला. शेतकऱ्यांचा रोख होता कर्जरोख्यांवर. १८७९ च्या कायद्याने काही दिलासा दिला, पण ऋणको आणि धनको यांचे नाते पालटले नाही. आज उसाच्या फडात कोयता चालवणारे जोडपे हंगामापूर्वी घेतलेली 'उचल' फेडत असते. रांजणगाव-सणसवाडीच्या कारखान्यांत कंत्राटी कामगार पिढ्यान्‌पिढ्या 'तात्पुरता'च राहतो. हा मजूर दलित असतो, भटका असतो, आणि जमीन तुकड्या-तुकड्यांनी गेलेला मराठाही असतो.

२०१८ साली लढाईच्या द्विशताब्दीच्या दिवशी कोरेगाव-सणसवाडी परिसरात दगडफेक व जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. शेजारी शेजाऱ्याचा वैरी ठरला. पण त्या आगीत कोणाची उचल जळाली? कोणाचे कंत्राट संपले? श्रमिकांनी एकमेकांवर उचललेला दगड मालकाच्या माडीपर्यंत कधीच पोहोचत नाही.

म्हणून १ जानेवारीस स्तंभापुढे मान जरूर लवावी. ते ऋण आहे. परंतु समाजवादी कार्यकर्त्याची खरी कसोटी २ जानेवारीस लागते. गर्दी पांगलेली असते, आणि फडावर, फाटकावर तोच माणूस पुन्हा कामास उभा असतो. त्याच्याजवळ जाऊन त्याच्या मजुरीचा हिशेब विचारणे, हेच त्या तारखेचे खरे स्मारक होय.