नमुना मागू नका, काम द्या

फ्रीलान्स लेखक हवा, अशी दोन ओळींची जाहिरात लिंक्डइनवर टाकली की संध्याकाळपर्यंत इनबॉक्स भरतो. अडचण त्यानंतर सुरू होते. प्रत्येक अर्जासोबत दोन-तीन नमुने असतात, सगळेच नीटनेटके, आणि त्यांवरून लेखकाबद्दल फारसे काही कळत नाही. छापून आलेल्या मजकुरात लेखकाचा हात किती आणि संपादकाचा किती, हे पूर्वीही बाहेरून सांगता येत नसे. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर सफाईदार परिच्छेद ही कोणाचीच ओळख उरलेली नाही. यंत्राचा मजकूर ओळखणाऱ्या साधनांवरही भिस्त ठेवता येत नाही. खुद्द ओपनएआयने जानेवारी २०२३मध्ये असे साधन आणले आणि अचूकता कमी पडते म्हणून जुलैत मागे घेतले.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. अर्जदारांतले तिघे निवडा आणि प्रत्येकाला तीन-चारशे शब्दांचे एक खरे काम, ठरलेल्या दराने पैसे देऊन, करायला सांगा. ‘ट्रायल’ म्हणून फुकट लेख मागण्याची चाल आपल्या व्यवसायात रुळली आहे. ज्याच्या हाताशी पुरेसे काम आहे, तो फुकट लिहीत नाही. नेमका हवा तो माणूस बाहेर टाकणारी ही चाळणी आहे.

या कामात मजकुराइतकेच त्याच्या आधीचे आणि नंतरचे वागणे पाहा. समजा, विषय ठिबक सिंचनाच्या अनुदानाचा आहे. जाणता लेखक लिहायला बसण्याआधी विचारतो: वाचक शेतकरी आहे की विक्रेता? अल्पभूधारकांचा आणि इतरांचा दर वेगळा असतो, दोन्ही द्यायचे का? आकडे कोणत्या शासन निर्णयातून घ्यायचे? मजकुरासोबत तो आकड्यांचे मूळही पाठवतो. दुरुस्ती सुचवली की पटेल ते बदलतो आणि न पटेल तिथे कारण देतो. काहीही न विचारता दुसऱ्या दिवशी लेख पाठवणाऱ्यापासून जपून राहा.

निवड झाली की तोंडी ठरावावर थांबू नका. बिल चुकते केले म्हणजे मजकूर आपल्या मालकीचा झाला, असे अनेक एजन्सी धरून चालतात. कॉपीराइट कायदा, १९५७ तसे म्हणत नाही. पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा हक्क, उलट करार नसेल तर, मालकाकडे जातो. फ्रीलान्सरच्या लेखनाचा पहिला हक्कदार मात्र सहसा तो स्वतःच असतो. हक्क घ्यायचे तर लेखी आणि सहीनिशी घ्यावे लागतात. त्या कागदावर मुदत नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश नसेल तर फक्त भारत. दुबईच्या ग्राहकाला वेबसाइटचा मजकूर विकणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. एका पानाची वर्क ऑर्डर पुरते: शब्दसंख्या, मुदत, दुरुस्तीच्या फेऱ्या, एआय वापरायची मुभा कुठवर, हक्क, दर आणि पैसे देण्याची तारीख.

त्या तारखेबाबत आपली बाजू लंगडी आहे. ‘क्लायंटचे आले की देतो’ हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. उद्यम नोंदणी असलेला लेखक सूक्ष्म उद्योगात मोडत असेल, तर २००६च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करारातही ४५ दिवसांपलीकडची मुदत घालता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. शिवाय लेखकही चौकशी करूनच काम घेतात, आणि पैसे रखडवणाऱ्याचे नाव त्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत चटकन पोचते.

तेव्हा पुढच्या जाहिरातीत कामाच्या वर्णनाखाली दर, ट्रायलचे मानधन आणि पैसे मिळण्याची मुदत स्पष्ट लिहा. अर्ज कदाचित कमी येतील, पण त्यांतले बरेचसे वाचण्याजोगे असतील.