दुआही हवी, व्यायामही हवा

सणसवाडीच्या एका कारखान्यात मशीन चालवणाऱ्या माझ्या मामूंना लकवा मारला. उजवा हात-पाय लुळा पडला, जीभ अडखळू लागली. दवाखान्यातून घरी आणल्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी कबुतराचे रक्त चोळा म्हणाले, कुणी तावीज आणला. व्यायामाचे नाव काढले की मामी म्हणायच्या, "आजारी माणसाला कशाला त्रास देता?"

माझे मत आहे, ही माया माणसाला कायमचे परावलंबी करते. लकवा हाता-पायाचा नव्हे, मेंदूचा आजार आहे. रक्तपुरवठा तुटून मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण मेंदूचे इतर भाग त्यांचे काही काम शिकून घेतात, तेही सरावानेच. पहिल्या ३ महिन्यांत ही सुधारणा सर्वांत वेगाने होते. नेमके तेच दिवस आपण अंथरुणात घालवतो.

आम्हीही ३ आठवडे घालवले. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून फिजिओथेरपी आणि वाचाउपचार सुरू केले. आज मामू काठी टेकत मशिदीत जातात, खुर्चीवर बसून नमाज पढतात. उजवी मूठ मात्र अजून पूर्ण उघडत नाही.

पैशांचे काय? ज्यांच्या पगारातून ईएसआयची कपात होते, त्यांना अटी पूर्ण असल्यास अर्धांगवायूसाठी २ वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के आजारपण लाभ मिळू शकतो. सणसवाडी-शिक्रापूरच्या किती कामगारांना हे ठाऊक आहे? जुम्म्याच्या नमाजनंतर चंद्याची घोषणा होते, तशी ही माहितीही द्यायला हवी. दुआ जरूर करा, पण रुग्णाचा रोजचा व्यायाम चुकवू नका.