झोपेत श्वास अडणाऱ्या मुलांचे निदान जिल्ह्यातच व्हावे : पालक संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

घोरणारे मूल गाढ झोपले आहे, असे घरोघरी समजले जाते. प्रत्यक्षात रोज रात्री घोरणारे, तोंड उघडे टाकून, मान मागे ताणून झोपणारे मूल अनेकदा श्वासासाठी झगडत असते. वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागची ॲडिनॉइड ग्रंथी वाट अडवतात. श्वास थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मूल दचकते, श्वास पुन्हा सुरू होतो. रात्रभर हेच चालते. यालाच स्लीप ॲप्निया म्हणतात. हा आजार असलेली मोठी माणसे दिवसा पेंगतात. मुले मात्र चिडकी आणि अस्वस्थ होतात, अंथरूण ओले करतात, अभ्यासात मागे पडतात आणि वर मस्तीखोर म्हणून मार खातात. शंभरातल्या साधारण एक ते पाच मुलांना हा आजार असतो.

खात्रीचे निदान पॉलिसोम्नोग्राफीने होते. त्यात सुई टोचत नाहीत. पण डोक्यापासून पायापर्यंत वायरी लावून मुलाला रात्रभर प्रयोगशाळेत झोपवावे लागते. मुलांसाठी ही सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांत आहे. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या मजूर आईबापांना ती असून नसल्यासारखीच. अशी सोय नसेल तिथे रात्रभराची ऑक्सिमेट्री, म्हणजे रक्तातल्या प्राणवायूची नोंद, किंवा झोपेचे चित्रीकरण करावे, असे अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने २०१२ मध्येच सांगितले आहे.

म्हणून आमची मुख्य मागणी : प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या बालरोग विभागाला रात्रभर नोंद साठवणारे पल्स ऑक्सिमीटर द्यावेत. कोविडकाळात वाटलेली, बोटाला चिमटा लावायची साधी यंत्रे इथे चालणार नाहीत. ती त्या क्षणाचा आकडा दाखवतात आणि झोपलेल्या मुलाच्या बोटावर टिकत नाहीत. चिकटपट्टीचा प्रोब हवा आणि यंत्राने सरासरी तीन सेकंदांपेक्षा जास्त काळाची काढू नये, नाहीतर छोटे उतार नोंदीत बुजून जातात. नोंद वाचण्यासाठी मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातली गुणपद्धत डॉक्टरांना शिकवावी. तिने आजाराची तीव्रता कळते, म्हणजे कोणाची शस्त्रक्रिया आधी करायची आणि नंतर रात्रभर कोणावर जास्त लक्ष ठेवायचे, हेही ठरवता येते.

एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो. लक्षणे असलेल्या मुलाच्या नोंदीत प्राणवायूचे वारंवार उतार स्पष्ट दिसले तर आजार जवळजवळ निश्चित असतो. मात्र नोंद चांगली आली म्हणून आजार नाही, असे ठरत नाही. अशा मुलाला घरी न पाठवता पूर्ण तपासणीसाठी पाठवावे. त्यासाठी प्रत्येक महसूल विभागात किमान एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मुलांची स्लीप लॅब आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ असावेत. डाउन सिंड्रोमच्या मुलांची ही तपासणी लक्षणे नसली तरी चार वर्षांच्या आत व्हायला हवी. ती मोफत करावी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्या आणि शाळांत मुले तपासतात. त्यांच्या तपासणीत घोरणे, श्वास अडणे, तोंडाने श्वास घेणे यांचे प्रश्न घालावेत. त्यासाठी मिशिगनमध्ये तयार झालेली बावीस प्रश्नांची प्रश्नावली मराठीत आणून आपल्या मुलांवर पडताळून घ्यावी. आईने मोबाइलवर काढलेले झोपेचे चित्रीकरण डॉक्टरांनी पाहावे आणि केसपेपरवर नोंदवावे, असा लेखी आदेश निघावा. याला खर्च काहीच नाही.

येत्या अर्थसंकल्पात या यंत्रांची आणि प्रशिक्षणाची तरतूद करावी आणि त्याआधी आमच्या प्रतिनिधींना चर्चेसाठी वेळ द्यावी, ही विनंती.

आपले,
पालक संघटनेचे पदाधिकारी व सदस्य