घरोघरचे कागद आणि त्यांचें जतन

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. पुढें तिचे बावीस खंड झाले. त्यांत छापलेले बहुतेक कागद कांहीं सरकारी कचेऱ्यांत सांपडलेले नव्हते. ते जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, रुमालांत बांधलेले, वाळवीच्या दयेवर पडलेले होते. राजवाडे त्यांसाठीं गांवोगांव हिंडले, घरधन्यांच्या विनवण्या केल्या. त्याच सुमारास मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरांतील पत्रें वाचून तीं क्रमशः छापीत होते. असल्या कागदांस कायमचें घर असावें म्हणून १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. घरधन्यांनीं तेच रुमाल पाणी तापविण्यासाठीं बंबांत घातले असते, तर पानिपतच्या मोहिमेविषयीं आज आपणांस जें ठाऊक आहे, त्यांतील पुष्कळ भाग मुळींच ठाऊक झाला नसता.

हें सारें आपण अभिमानानें सांगतों. परंतु ते रुमाल कोणाच्या घरचे होते? सरदारांच्या, देशमुखांच्या, कुळकर्ण्यांच्या, सावकारांच्या. ज्या घरांत लेखणी पोंचलीच नव्हती, त्यांचे कागद राजवाड्यांस तरी कोठून मिळावेत? आज स्थिती पालटली आहे. आपल्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं निदान दोन-तीन पिढ्यांचें लिहिणें झालेलें आहे. मुंबईच्या गिरणींत राबणाऱ्या बापानें कोंकणांतील घरीं पाठविलेल्या मनिऑर्डरीचें कूपन, त्यावरील दोन ओळींचा निरोप, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका, आजीनें ओव्या उतरून ठेवलेली वही, स्टुडिओंतील पडद्यासमोर ताठ बसलेल्या कुटुंबाचा फोटो, हीं सारीं आपलीं दप्तरें होत. मात्र त्यांस कोणी दप्तर म्हणत नाहीं, आणि दिवाळीच्या साफसफाईंत तीं रद्दीवाल्याकडे जातात.

याचा परिणाम एका उदाहरणानें दिसेल. अमेरिकन मराठी मिशनचें काम १८१३ सालीं मुंबईस सुरू झालें व पुढें अहमदनगराकडे पसरलें. त्या मंडळींनीं बोस्टनला पाठविलेलीं पत्रें जपून ठेवण्यांत आलीं. तीं आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हाउटन ग्रंथालयांत वाचावयास मिळतात. शिक्षकांनीं विद्यार्थ्यांविषयीं काय लिहिलें तें त्यांवरून कळतें. परंतु त्या विद्यार्थ्यांनीं आपल्या आईस काय लिहिलें, हें शोधूं गेल्यास हातीं फारच थोडें लागतें. ज्यांचे कागद राहतात त्यांच्याच दृष्टीनें इतिहास लिहिला जातो. ज्यांचे जातात, त्यांच्याविषयीं दुसरे बोलतात. मला वाटतें, घरचे कागद जपण्याचें खरें कारण हेंच आहे. कुळाचा डौल हें नव्हे.

आतां जतनाविषयीं. पहिलें काम नांवें लिहिण्याचें. फोटोंतील माणसें ओळखणारा शेवटचा मनुष्य गेला कीं त्या फोटोचा निम्मा अर्थ गेला. म्हणून विद्यार्थिमित्रहो, आजी-आजोबांजवळ बसून विचारा आणि फोटोच्या पाठीमागें मऊ शिसपेन्सिलीनें, हलक्या हातानें, नांवें, गांव व साल लिहा. शाईच्या पेनानें लिहूं नये, ती पुढें फुटते. अलीकडच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाहीं. तेथें फोटो पाकिटांत घालून पाकिटावर लिहावें. टांचण्या काढाव्या, कारण त्या गंजतात. फाटलेल्या पत्रास चिकटपट्टी लावूं नये. फोटोस उष्णतेनें प्लॅस्टिक चिकटवून देण्याची दुकानदारांनीं पाडलेली चाल तर मला मुळींच पसंत नाहीं. एकदां चिकटलेलें तें पुन्हां निघत नाहीं. माळा तापतो, भिंतींतील कपाट पावसाळ्यांत ओलावतें. त्यापेक्षां आंतल्या खोलींतील कोरडी पेटी बरी. तीही अधूनमधून उघडून पाहावी, कसर व बुरशी कोणाची वाट पाहत नाहींत. आणि पत्रांचा गठ्ठा ज्या क्रमानें बांधलेला आहे तो क्रम मोडूं नये. कोणतें पत्र कोणत्या पत्राशेजारीं होतें, यावरूनही अभ्यासकास पुष्कळ कळतें.

मोबाईलवर प्रत घेतली कीं झालें, असें पुष्कळ पालक म्हणतात. प्रत अवश्य घ्यावी. परंतु यंत्र बिघडलें किंवा हरवलें म्हणजे प्रतही जाते, आणि मूळ कागदाचा पोत, शिक्का, पाठीवरील टिपण त्यांत बहुधा येतच नाहीं. उलट, सारें एकाच घरीं ठेवणेंही धोक्याचें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां पुण्यांतील नदीकांठच्या पेठांमधल्या घरांबरोबर त्यांतील कागदही वाहून गेले. म्हणूनच संस्थेचा विचार करावयाचा. स्त्रियांच्या जीवनासंबंधीं छायाचित्रें, पत्रें व आठवणी जमविण्यासाठीं मुंबईस १९८८ सालीं 'स्पॅरो' ही संस्था निघाली. सामान्य घरांतील वहीसही दप्तरखान्यांत स्थान असूं शकतें, हें अशा कामावरून दिसतें.

घरांतील भांडणें, कर्जें, आजार चव्हाट्यावर येतील, ही शंका रास्त आहे. तिच्यावर उपाय म्हणून नको तीं पत्रें फाडून उरलेलीं देण्याचा मोह होतो. परंतु असें गोडगोड निवडलेलें दप्तर अभ्यासकाच्या फारसें उपयोगी पडत नाहीं. त्यापेक्षां दानपत्रांत अट घालावी: अमुक लखोटा अमुक वर्षांपर्यंत उघडूं नये. एवढें मात्र ध्यानांत असावें कीं, पत्राचा कागद ज्यास तें आलें त्याचा असला, तरी मजकूर छापण्याचा हक्क लिहिणाराचा व त्याच्या मागें त्याच्या वारसांचा असतो. दान देतांना त्यांची संमती घेतलेली बरी.

शाळांनींही मागें राहूं नये. ग्रंथालयांतील एक कपाट यासाठीं मोकळें करणें कठीण नाहीं. जुन्या विद्यार्थ्यांच्या घरीं वर्गाचे सामुदायिक फोटो असतात, वार्षिकांचे सुटे अंक असतात. पहिल्या रांगेंत जमिनीवर बसलेल्या मुलांचीं नांवें सांगणारे कांहीं जण अद्याप हयात आहेत. त्यांस या सुटींतच एकेक पत्र धाडतां येईल.