अमानत की मिरासदारी?

अल्पसंख्याकांच्या हक्कांवर आपल्याकडे जेवढी भाषणे होतात, तेवढी क्वचितच दुसऱ्या एखाद्या विषयावर होत असतील. तालीमी जलसा असो, गुणवंतांचा सत्कार असो की ईदमिलनाचा कार्यक्रम असो, सदर साहेब उठतात, पहिल्या वह्यीचा हवाला देतात, तिथून सच्चर समितीवर येतात आणि शेवटी राज्यघटनेच्या कलम ३० वर थांबतात. आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क घटनेने आपल्याला दिला आहे, त्याला कोणी हात लावू नये, असे ठणकावून सांगतात. टाळ्या पडतात. त्या टाळ्यांत माझ्याही असतात, कारण तो हक्क मलाही जिवापाड मोलाचा वाटतो. मला विचारायचे आहे ते एवढेच, की 'आपल्याला' म्हणजे नेमके कोणाला?

कलम ३० ने हा हक्क अल्पसंख्याक समाजाला दिला आहे. संस्थेच्या अध्यक्षाला, सेक्रेटरीला किंवा त्यांच्या चिरंजीवांना दिलेला नाही. रिक्षा चालवणारा बाप, यंत्रमागावर कांड्या भरणारी आई, हातगाडीवर केळी विकणारा चाचा, हे सारे त्या 'समाजा'त येतात की नाही? येत असतील, तर ज्या शाळेत त्यांचे मूल शिकते, त्या शाळेच्या कारभारात त्यांचा आवाज कुठे आहे? वर्षातून एकदा निकालपत्रावर अंगठा किंवा सही घेण्यापलीकडे त्यांना कोण विचारते?

या शाळा उभ्या कशा राहिल्या, ते आठवून पाहा. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या साथीदारांनी १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. पुढे मालेगाव, भिवंडी, सोलापूर, जळगाव आणि कोकणच्या गावागावांत लोकांनी पोटाला चिमटा घेऊन शाळा बांधल्या. कोणी जमीन दिली, कोणी विटा दिल्या, बायकांनी अंगावरचे दागिने दिले. कोकणात आखातात राबणाऱ्या भावांच्या घामाचा पैसा आला. नंतर शासनाचे अनुदान आले आणि शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून होऊ लागले. म्हणजे पाया समाजाच्या चंद्याचा आणि चालू खर्च जनतेच्या कराचा. याला आपल्या भाषेत अमानत म्हणतात. पण आज अनेक ठिकाणी ती मिरासदारी झाली आहे. सभासदांची यादी वर्षानुवर्षे बंद. नवा सभासद घ्यायचा तर तो नात्यातला. बाप सदर, बेटा सेक्रेटरी, जावई खजिनदार. मुलींच्या हायस्कूलची संस्था असली तरी कार्यकारिणीत एक बाई सापडेल तर शपथ.

याची किंमत कोण मोजते, ते मी जवळून पाहिले आहे. बी.एड. झाल्यावर मी एका संस्थेत मुलाखतीला गेले होते. माझा पाठ कोणी पाहिला नाही, विषयाचा एक प्रश्न कोणी विचारला नाही. विचारले ते एवढेच, की 'बिल्डिंग फंडा'त किती देऊ शकाल. हा अनुभव माझा एकटीचा असता, तर मी तो इथे लिहिला नसता. तो माझ्या बरोबरीच्या कितीतरी उर्दू माध्यमाच्या शिक्षकांचा आहे. शेत विकून, दागिने गहाण ठेवून लोकांनी पदे मिळवली आहेत. अशा शिक्षकांतही मन लावून शिकवणारे पुष्कळ आहेत, त्यांना माझा सलाम. पण गुणवत्ता न पाहता पैसा पाहून नेमणूक झाली, तर शेवटी त्याचे व्याज वर्गातले मूल भरते. दहावीला गणितात आणि इंग्रजीत नापास होऊन ते व्याज फिटते.

आता दुसरे चित्र पाहा. मी सध्या जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकवते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे आमच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. आमच्याकडेही सगळे आलबेल आहे असे नाही. कधी कधी समिती कागदावरच भरते, हे खरे. तरी एकदा चार आया बैठकीला आल्या आणि त्यांनी मुलींच्या संडासाला कुलूप का, असा प्रश्न विचारला. कुलूप निघाले. त्या बायकांनी हक्कांवरचे एकही भाषण ऐकलेले नव्हते. त्यांना बसायला जागा होती आणि विचारण्याचा अधिकार होता, एवढेच.

खासगी अल्पसंख्याक शाळांतल्या आयांना ही जागा नाही. २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याक शाळांतली ही समिती केवळ सल्ला देण्यापुरती उरली. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'प्रमती' खटल्यात निर्णय दिला, की शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना, त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागूच होत नाही. आपल्या संस्थाचालकांनी त्या निकालाचे स्वागत केले. १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका व्यक्त केली आणि तो प्रश्न मोठ्या पीठापुढे नेण्यासाठी सरन्यायाधीशांकडे सोपवला. आता पुन्हा 'कलम ३० खतरे में' अशी हाक ऐकू येते. हाक खोटी आहे असे मी म्हणत नाही. सरकारच्या हेतूंवर डोळे मिटून भरवसा ठेवावा, असे आजचे दिवस नाहीत. पण कायदा आड येत नव्हता, त्या वर्षांत आपण स्वतःहून पालकांची समिती का नेमली नाही? आयांना बैठकीला बोलावण्यावर कोणत्या न्यायालयाने बंदी घातली होती?

केरळ शिक्षण विधेयकावर मत देताना सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच स्पष्ट केले होते, की अल्पसंख्याकांच्या कारभार करण्याच्या हक्कात गैरकारभार करण्याचा हक्क येत नाही. कलम ३० वर बोलणारे आपले वक्ते हा निकाल अर्धाच सांगतात. हक्क सांगतात, त्याची अट गिळून टाकतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. घरातली धुणी चव्हाट्यावर धुऊ नका, दुश्मनांच्या हाती कोलीत द्याल. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला, तेव्हाही हेच सांगितले गेले. १९८५ साली शाहबानोला पोटगी मिळाली, तेव्हाही हेच. दलवाईंची सगळी मते पटलीच पाहिजेत असे नाही, मला स्वतःला काही पटत नाहीत. पण 'आधी बाहेरचा अन्याय संपू द्या, मग घरातला पाहू' हा युक्तिवाद तेव्हापासून चालू आहे आणि बाहेरचा अन्याय काही संपलेला नाही. मग घरातल्याची पाळी कधी येणार? शिवाय कोलीत आपण लपवले तरी धूर लपत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा सर्व समाजांच्या शाळांत मिळून लाखो विद्यार्थी फक्त कागदावरच असल्याचे उघड झाले. आपले हिशेब आपल्या पालकांनी तपासले नाहीत, तर ते सरकार तपासते. आणि सरकारचा हातोडा पडतो तेव्हा तो चालकावर पडत नाही, शाळेवर पडतो.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. आपले पालक अनपढ आहेत, त्यांना कारभारातले काय कळते! असे म्हणणाऱ्यांनी मुस्लिम ओबीसी चळवळीकडे पाहावे. जालन्याचे शब्बीर अन्सारी आणि त्यांचे साथी ज्यांच्यात फिरले ते मोमीन, पिंजारी, बागवान, अत्तार, तांबोळी, छप्परबंद, हे काही पदवीधर नव्हते. शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरात जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले. तेव्हा आजोबांचा दाखला शोध, महसुली कागद शोध, तहसील कचेरीचे खेटे घाल, असे करत त्यांनी जातीचे दाखले मिळवले आणि त्या दाखल्यांवर मुले इंजिनिअरिंगला, डी.एड.ला गेली. ज्या माणसाने तहसीलदाराकडून दाखला काढला, त्याला शाळेचा जमाखर्च कळणार नाही?

आणि सरकारकडे हक्क मागायलाही हाच माणूस लागतो. २०१४ च्या वटहुकुमाने मुस्लिमांना पाच टक्के आरक्षण दिले. त्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतले रोखले, पण शिक्षणातले चालू ठेवले. तरीही नव्या सरकारने त्याचा कायदा केला नाही आणि ते विरून गेले. २०२२ मध्ये केंद्राने पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती बंद केली. आपण काय केले? निवेदन दिले, फोटो काढला, घरी आलो. शाळाशाळांत पालकांच्या जिवंत समित्या असत्या, तर त्या शिष्यवृत्तीसाठी प्रत्येक जिल्ह्यात हजारो आया कलेक्टर कचेरीपुढे बसल्या असत्या. ज्यांना आपण शाळेच्या फाटकाबाहेर उभे करतो, ते आपल्या हाकेला मोर्चात कसे येतील?

म्हणून संस्थाचालकांकडे माझ्या चार साध्या मागण्या आहेत. कायद्याची वाट न पाहता पालकांची समिती नेमा, तिच्यात निम्म्या आया घ्या आणि बैठक त्यांच्या सोयीच्या वेळी ठेवा. वर्षाचा जमाखर्च उर्दूत आणि मराठीत शाळेच्या फलकावर लावा. शिक्षकाची नेमणूक जाहिरात देऊन आणि सर्वांसमोर पाठ घेऊन करा. संस्थेचे सभासदत्व खुले करा आणि कार्यकारिणीत स्त्रियांना जागा द्या.

हे झाले नाही, तर पालकांनी काय करावे? दहा रुपयांचे तिकीट लावून माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा, ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. शासनाच्या भरीव पैशावर चालणाऱ्या संस्था या कायद्याखाली येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले आहे. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असते. तिचे लेखापरीक्षित हिशेब आणि विश्वस्त बदलल्याचा अहवाल धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो. तिथे जाऊन ते पाहावेत.

यात माझ्या शिक्षक बंधुभगिनींचे काम मोठे आहे. शासन निर्णय मराठीत निघतात, आपले बरेच पालक ते वाचू शकत नाहीत. आपण वाचू शकतो. मी उर्दूत शिकवते आणि हा लेख मराठीत लिहिते, त्यामागेही हेच कारण आहे. हक्काची कागदपत्रे ज्या भाषेत आहेत, ती भाषा आपल्या माणसांपर्यंत नेणे हे आपल्या पगारातलेच काम समजा. महिन्यातून एकदा चार पालकांना बसवून एक शासन निर्णय वाचून दाखवा. त्याला जलसा लागत नाही, हारतुरे लागत नाहीत, सदर साहेबही लागत नाहीत.

कलम ३० वाचवायचेच आहे, आणि ते वाचवलेच पाहिजे. पण ते वाचवायला वकिलांइतकेच शाळेच्या फाटकाबाहेर उभे असलेले आई-बाप लागतील. आधी फाटक उघडा.