तयार मिळते की!

मराठी मध्यमवर्गाचं बोधवाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर 'अंथरूण पाहून पाय पसरावे' हे उत्तर आता चालणार नाही. अंथरूणच हप्त्यावर मिळू लागल्यापासून ते बाद झालं. सध्याचं बोधवाक्य आहे, 'तयार मिळते की!' घरी पुरणपोळ्यांचा घाट घाला, कोणीतरी म्हणतंच, "तयार मिळते की!" आकाशकंदिलासाठी बांबूच्या काड्या तासायला बसा, "तयार मिळतो की!" लिंग बदलतं, तुच्छता तीच राहते.

मागच्या पावसाळ्यात मी घरी इलेक्ट्रिक गिटार करायला घेतली, तेव्हा हे वाक्य मी अकरा जणांच्या तोंडून ऐकलं. आकडा पक्का आहे. मी बँकेत कारकून आहे. दुसरं काही येत नसलं तरी मोजता येतं. त्या अकरा जणांना तेव्हा काही बोललो नाही. आमच्याकडे उत्तरं नेहमी पाहुणे चहा पिऊन गेल्यावर सुचतात. म्हणून हा लेख.

झालं असं की, आमच्या कन्येला अकरावीत गेल्यावर इलेक्ट्रिक गिटार हवीशी झाली. किमती पाहता पाहता तिला एक किट सापडलं. किट म्हणजे सुट्या भागांचा खोका. तो सांगलीत आमच्या दारी आला आणि उघडला. आत बासवुड नावाच्या पांढुरक्या, हलक्या लाकडाचं कोरं धड, मेपलची मान, सहा खुंट्या, एक घोडी, तारा, वायरी आणि पुडीभर स्क्रू. सौ.नी वाकून पाहिलं, "ही गिटार आहे की गिटारीचं शवविच्छेदन?" एवढंच विचारलं आणि कुकर लावायला गेल्या.

पहिला हल्ला मेहुण्यांचा. "दाजी, किटचे नऊ हजार. लॅकर, पॉलिश पेपर, सोल्डरिंगचं सामान धरा तीन. बारा हजारांत तयार मिळते की! वर बॅग फुकट."

हिशेबात चूक नव्हती. मी बी.कॉम. आहे, असती तर सापडली असती. पण हेच मेहुणे रोज पहाटे पाच किलोमीटर चालतात आणि जिथून निघाले तिथेच परत येतात. त्यांना कुणी म्हणतं का, की अहो, मग घरीच थांबायचं होतं? चालण्याचा फायदा पायांना होतो हे आम्हांला पटतं. करण्याचा फायदा हातांना होतो हे मात्र पटत नाही.

दुसरा हल्ला अभ्यासाच्या नावाने. "अकरावीचं वर्ष, आणि पोर लाकूड घासत बसणार?" याला माझ्याजवळ दाखला आहे. इंग्लंडमध्ये ब्रायन मे नावाच्या शाळकरी मुलाला विजेची गिटार हवी होती, विकत घेणं परवडत नव्हतं. १९६३ साली तो आणि त्याचे वडील घरीच कामाला लागले. मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं महोगनी, स्प्रिंगा मोटारसायकलच्या इंजिनातल्या, दांडीला आईची विणकामाची सुई, खुणांच्या टिकल्या आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांच्या. दोनेक वर्षं खपून झालेली ती गिटार घेऊन तो पुढे 'क्वीन'मध्ये गेला. आमच्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारूख बल्सारा, म्हणजे फ्रेडी मर्क्युरी, ज्या ताफ्यात गात होता, तोच ताफा. आणि अभ्यासाचं म्हणाल, तर २००७ साली याच ब्रायन मे यांनी लंडनमध्ये खगोलभौतिकीची डॉक्टरेट पुरी केली. उशीर झाला हे कबूल. पण तो सुईमुळे झाला नाही.

तिसरा हल्ला मात्र वर्मी लागला. आमचे एक काका आहेत. व्हरांड्यात मला धुळीने पांढरा झालेला पाहून ते चष्मा काढून म्हणाले, "सुतारकाम करायला बी.कॉम. झालास का रे?"

वाचकहो, खरं भांडण इथं आहे. पैसे, वेळ, अभ्यास ही सगळी वरवरची कलमं. खालचं कलम हे, की हाताने काम करणं म्हणजे आपण एक पायरी घसरणं. 'पांढरपेशा' हा शब्द आम्ही किती अभिमानाने वापरतो! पेशा पांढरा, म्हणजे ज्यात शर्टाला डाग पडत नाही तो. म्हणजे आमचं कर्तृत्व मोजायचं तर धोब्याकडे मोजायचं.

शाळेत आम्हांला 'कार्यानुभव' नावाचा विषय होता. खडू करणं, उदबत्त्या वळणं वगैरे. मी दुकानातून उदबत्त्यांचा पुडा आणून, वेष्टण काढून जमा केला होता. 'तयार मिळते की' या पंथाची दीक्षा मला तिथेच मिळाली. १९३७ साली गांधीजींनी वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाची, नई तालीमची, कल्पना मांडली. आमच्यापर्यंत पोचेपर्यंत तिचा उदबत्तीचा पुडा झाला होता, आणि तोही विकतचा.

तर आता घासण्याकडे वळू. धड आधी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, मग १८०, मग २४०, मग ३२०. रेषेच्या दिशेने. आडवा हात मारला की ओरखडा उठतो आणि तो त्या वेळी दिसत नाही. रंग चढला की वर येतो, जसा लेजरमधला फरक ऑडिटच्या दिवशी वर येतो. कडांना लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात, तिथं रंग जास्त पितो, म्हणून तिथं दुप्पट घासायचं. कन्या अर्धा तास, मी दीड तास, असं आम्ही आठ संध्याकाळी घासलं.

नवव्या दिवशी बँकेत गेलो आणि माझा अंगठा उमटेना.

आमच्याकडे संगणक उघडायला बोटाचा ठसा लागतो. मी अंगठा ठेवला, यंत्र म्हणालं, पुन्हा ठेवा. पुन्हा ठेवला. पुन्हा ठेवा. मागे उभा असलेला शिपाई म्हणाला, "साहेब, हात धुवून या की." मी धुवून आलो. तरी यंत्राने मला ओळखलं नाही. वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या ओळखीवर पहिल्यांदाच कुणी शंका घेतली.

आणि मग मला माझाच आवाज आठवला. आमच्या काउंटरला अनुदानाचे, निराधार योजनेचे पैसे काढायला बायाबापड्या येतात. भांगलणीच्या, वीटभट्टीवरच्या, धुणीभांड्यांच्या. आधारचं यंत्र त्यांचे अंगठे घेत नाही. मी कितीदा तरी म्हटलं आहे, "मावशी, हात स्वच्छ धुवून या." त्या निमूट नळावर जायच्या आणि पुन्हा रांगेच्या शेवटी उभ्या राहायच्या. हात मळलेले नव्हते हो. हात झिजलेले होते. मला फरक ठाऊकच नव्हता, कारण माझे हात कधी झिजलेच नव्हते. माझा ठसा तीन-चार दिवसांत परत आला. त्यांचा कुठून येणार? त्यांना उद्या पुन्हा घासायचं असतं. आता मी निदान त्यांना नळावर पाठवत नाही. दुसरं बोट, दुसरा हात, डोळ्यांचं यंत्र, सगळं आधी करून पाहतो. त्यासाठी सरकारी परिपत्रक लागलं नाही. १२० नंबरचा कागद पुरला.

घासून झाल्यावर निळा रंग दिला आणि वर चकाकीला लॅकरचा फवारा. महिना जुलै, बाहेर धो धो पाऊस. संध्याकाळपर्यंत निळ्या समुद्रावर पांढरं धुकं उतरलं. मी आमच्या ओळखीच्या पॉलिशवाल्या मिस्त्रींना बोलावलं. ते बघून हसले. "साहेब, पावसात लॅकर मारतंय व्हय कोण? हवेतलं पाणी आत अडकलं. खरवडा आता, आणि दसऱ्यापर्यंत हात लावू नका."

याच मिस्त्रींनी चार वर्षांपूर्वी आमच्या कपाटाला पॉलिश केलं होतं, तेव्हा मी त्यांच्या बिलातून आठशे रुपये कापले होते. माझे शब्दही मला आठवले : "नुसतं घासायचं तर आहे!"

दसऱ्यानंतर ऊन पडलं आणि लॅकर काचेसारखं बसलं. महिनाभर वाळू दिलं, मग पाण्यात भिजवलेला हजार नंबरचा कागद, मग दोन हजारचा. मग जोडणी. मान धडाला चार स्क्रूंनी बसते. ही सोय लिओ फेंडर यांनी लोकप्रिय केली. माणूस कॅलिफोर्नियाचा, शिकला हिशेबनिशी, मंदीत नोकरी गेली म्हणून १९३८ साली फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. १९५४ साली त्यांची स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली. आमच्या किटची पणजी तीच. या गृहस्थांना गिटार वाजवता येत नव्हती. हे मी काकांना मुद्दाम सांगितलं. जगातली सर्वांत प्रसिद्ध गिटार एका हिशेबनिसाने केली आहे, आणि तो सुतारकामाला लाजला असता तर आज फुलर्टनमधल्या एखाद्या खतावणीत पुरलेला असता.

वायरींना डाख कन्येने दिला. तारेखाली चुंबक असतो, त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज उमटते, आणि ती वीज म्हणजे सूर. हे पुस्तकाबिस्तकातलं तिने मला समजावलं. सगळं जोडून बटण दाबलं, तर पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज. शोधता शोधता कळलं, की खोबणीतल्या दोन वायरी मी अदलाबदल करून धरल्या होत्या. नावेची बाजू जमेला आणि जमेची नावेला. ही चूक आयुष्यात मी बँकेत एकदाही केलेली नाही.

वायरी बदलल्यावर सूर आला, पण खालच्या पडद्यांवर तारा खरखरत होत्या. कन्या म्हणाली, मिरजेला जाऊ. मिरज दहा किलोमीटरवर. तिथं दीडशे वर्षांहून अधिक काळ सतारी-तानपुरे होतात. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांनी ही कला उचलली आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला, तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. गल्लीतल्या एका वृद्ध कारागिरांसमोर आम्ही ती निळी वस्तू ठेवली आणि खरखर ऐकवली.

"म्हणजे जवारी लागलीय," ते म्हणाले.

"चाचा, ती काढायची आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी घरात आलेली लक्ष्मी घालवायला आलो आहे. "अहो, ही आणायला आम्ही घोडी घासत दिवस दिवस बसतो." मग गिटार बंदुकीसारखी डोळ्याला लावून त्यांनी मान पाहिली. "मान मागं गेलीय." आत लोखंडी सळई असते, तिची चावी पाव फेरा सैल केली आणि खरखर गेली. मी पैसे विचारले. "पाव फेऱ्याचे काय घ्यायचे?" म्हणाले. मग कन्येला तानपुऱ्याचा कोरा भोपळा दाखवत म्हणाले, "हे पंढरपूरकडनं येतं. तुमच्या खोक्यात कापून, भोकं पाडून आलं होतं ना सगळं? मग निम्मं तयारच की!"

बारावा माणूस. पण हा एकटाच, ज्याला तसं म्हणायचा हक्क होता.

माझं म्हणणं तेवढंच आहे. सगळ्यांनी गिटारी कराव्यात असं मी म्हणत नाही. शेजाऱ्यांचाही विचार करायला हवा. आणि रविवारी हौसेने घासणं म्हणजे सोमवारी पोटासाठी घासणं नव्हे, हेही मला कळतं. पण प्रत्येक पांढरपेशाने आयुष्यात एक तरी वस्तू पहिल्या ओरखड्यापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत स्वतः करावी, आणि तोवर दुसऱ्याच्या कामाला 'नुसतं' हा शब्द लावू नये. तयार मिळतं ते सगळं कुणीतरी तयार केलेलं असतं. 'तयार मिळते की' म्हणताना आम्ही नेमका तो कुणीतरी गिळतो.

दिवाळीनंतर मी मिस्त्रींकडे आठशे रुपये घेऊन गेलो. चार वर्षांपूर्वीचे आहेत, म्हटलं, माझी चूक झाली. त्यांनी पाकीट परत माझ्या खिशात घातलं.

"ऱ्हाऊ द्या साहेब. बँकवाला माणूस कापणार, म्हणून मी तवाच हजार वाढवून सांगितले होते."